अर्धस्वयंचलित पिस्तूल आणि कॅलिबरची निवड : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा (१९०४ ते २०१७)

प्रस्तावना

नवशिक्या नेमबाजाच्या हाती कोणते पिस्तूल आणि कोणत्या कॅलिबरचे काडतूस द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. परंतु या प्रश्नाला शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. कॅलिबर म्हणजे स्थूलमानाने नळीचा आतील व्यास होय. अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकली जाते आणि पुढील काडतूस नळीत चढते. प्रस्तुत लेखात अमेरिकेचे लष्कर व एफबीआय यांच्या निर्णयांचा आढावा घेतला आहे. त्याद्वारे ‘शक्तिशाली गोळी’ या निकषाची जागा ‘सामान्य माणसाला पेलणारे शस्त्र’ या निकषाने कशी घेतली, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

थॉम्पसन-लागार्ड चाचण्या आणि .४५ कॅलिबर

अमेरिकी लष्कराने १८९२ मध्ये .३८ कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले होते. फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांशी झालेल्या चकमकींत या गोळीने चालून येणारा प्रतिस्पर्धी थांबत नाही, अशा तक्रारी येऊ लागल्या. म्हणून १९०४ मध्ये शस्त्रास्त्र विभागाचे जॉन थॉम्पसन व वैद्यकीय विभागाचे लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील जनावरांवर आणि मानवी शवांवर चाचण्या घेतल्या. लष्करी पिस्तुलाचे कॅलिबर .४५ पेक्षा कमी नसावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जनावरांची संख्या अल्प होती व गोळ्या लागण्याच्या जागाही भिन्न होत्या. त्यामुळे या चाचण्यांच्या शास्त्रीयतेवर पुढे आक्षेप घेण्यात आले. तथापि, सैनिकांकडून अचूक नेमबाजीचा सातत्याने सराव करून घ्यावा, अशी शिफारसही याच अहवालात होती. इतिहासात कॅलिबरचा निष्कर्ष गाजला आणि सरावाची शिफारस मात्र दुर्लक्षित राहिली, ही बाब लक्षणीय आहे.

यानंतरच्या स्पर्धेत कोल्ट व सॅव्हेज या कंपन्यांची पिस्तुले अखेरपर्यंत टिकली. मार्च १९११ मधील सहा हजार फैरींच्या चाचणीत जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले कोल्ट पिस्तूल एकदाही अडखळले नाही. २९ मार्च १९११ रोजी ते ‘एम १९११’ या नावाने स्वीकारले गेले. म्हणजेच कॅलिबर आधी निश्चित झाले होते. पिस्तुलाची अंतिम निवड मात्र विश्वासार्हतेवर झाली.

नऊ मिलिमीटरचा पर्याय

याच सुमारास जर्मनीत गेऑर्ग लुगर यांचे ९ मिलिमीटरचे काडतूस रूढ झाले. तेथील नौदलाने ते १९०४ मध्ये आणि भूदलाने १९०८ मध्ये स्वीकारले. .४५ ची गोळी सुमारे १५ ग्रॅम वजनाची, तर ९ मिलिमीटरची साधारण ८ ग्रॅम वजनाची असते. हलकी गोळी अधिक वेगाने जाते, तरीही हाताला बसणारा धक्का कमी असतो. शिवाय काडतूस लहान असल्याने मॅगझिनमध्ये अधिक काडतुसे मावतात. एम १९११ मध्ये सात, तर १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये तेरा काडतुसे बसत. अखेर १९८५ मध्ये अमेरिकी लष्कराने नाटो राष्ट्रांत रूढ असलेले ९ मिलिमीटरचे काडतूस व त्यासाठी बेरेटा पिस्तूल स्वीकारले.

मायामीची घटना व एफबीआयचे वर्तुळ

११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथील चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी ठार व पाच जखमी झाले. एका संशयिताला ९ मिलिमीटरची गोळी लागूनही ती हृदयापर्यंत पोहोचली नाही आणि तो लढत राहिला. त्याच्या हाती रायफल होती, तर अधिकाऱ्यांचा भर मुख्यतः पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांच्यावर होता. तरीही दोषाचा मोठा भाग गोळीवर ठेवला गेला. त्यानंतर एफबीआयने १० मिलिमीटरचे काडतूस निवडले. परंतु त्याचा धक्का अधिक असल्याने दारूचे प्रमाण कमी करावे लागले. यातूनच १९९० मध्ये आखूड पुंगळीचे .४० काडतूस बाजारात आले व अनेक पोलीस दलांनी ते स्वीकारले.

या घटनेनंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच शिरावी, असा निकष ठरवला. त्यानुसार गोळ्यांची रचना सुधारत गेली. २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने ९ मिलिमीटरकडे परतण्याचे समर्थन केले. आधुनिक गोळ्यांच्या परिणामात कॅलिबरनुसार ठळक फरक उरलेला नाही आणि बहुसंख्य नेमबाज ९ मिलिमीटरने अधिक जलद व अचूक मारा करतात, ही त्यामागील कारणे होती. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात, असेही त्यात नमूद होते. २०१७ मध्ये लष्करानेही बेरेटाच्या जागी सिग सॉअर कंपनीचे पिस्तूल निवडले, परंतु कॅलिबर ९ मिलिमीटरच कायम ठेवले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कॅलिबरविषयीचे निर्णय बहुधा एखाद्या वेदनादायक घटनेनंतर घेतले गेले आणि त्या घटनेच्या इतर कारणांकडे दुर्लक्ष झाले. दुसरी, चुकलेल्या गोळीचे कॅलिबर निरर्थक ठरते. तिसरी, शस्त्राची कसोटी निष्णात नेमबाजाच्या नव्हे, तर सामान्य शिकाऊ माणसाच्या हातात लागते. त्यामुळे नवशिक्याने हातात नीट बसणारी मूठ, सोसवणारा धक्का, विश्वासार्ह यंत्रणा आणि सरावासाठी परवडणारे काडतूस यांना प्राधान्य द्यावे, हेच या इतिहासातून सूचित होते. १९०४ च्या अहवालातील सरावाची शिफारस मान्य व्हायला जवळपास एक शतक लागले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.