मोटार अपघात नुकसानभरपाई दावा (परभणी जिल्हा)

दुसऱ्याच्या वाहनामुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाईसाठी परभणीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे केला जाणारा अर्ज. बोलीभाषेत ‘क्लेम टाकणे’. आधार : मोटार वाहन अधिनियम, 1988, कलम 166. चालकावरचा फौजदारी खटला वेगळा चालतो. त्यात चालक सुटला म्हणून क्लेम बुडाला असे होत नाही, कारण इथे पुराव्याची कसोटी सौम्य असते.

परभणीकरांना या कायद्यातली सर्वांत उपयोगी तरतूद दावा कुठे करावा याविषयीची आहे. अपघात जिथे घडला तिथे, किंवा जखमी माणूस जिथे राहतो तिथेही अर्ज करता येतो. दिवाळीनंतर गंगाखेड, पालम, सोनपेठ भागांतून ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोल्हापूरकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली, तरी दावा परभणीत चालतो. पोलिसांची कागदपत्रे मात्र तिथूनच आणावी लागतात : एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याची नोंद, गाडीचे आरसी आणि विमा. हंगाम संपून टोळी गावी परतेपर्यंत हे कागद कुणी मागितलेले नसतात.

इथेच मुदत आडवी येते. 1994च्या दुरुस्तीने क्लेमची मुदतच काढून टाकली होती. 1 एप्रिल 2022पासून ती परत आली : अपघातापासून सहा महिने. पाच महिने परमुलखात उसाच्या फडात काढणाऱ्या माणसाला ही मुदत फार अपुरी आहे. दुसरीकडे, पोलिसांनी 48 तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असा नियमही त्याच वेळी आला. हा अहवाल गेला आहे का, हे जखमीच्या नातेवाइकांनी ठाण्यात जाऊन विचारलेच पाहिजे.

दाव्याचा खरा कस लागतो तो उत्पन्न सिद्ध करताना. नोकरदार पगारपत्रक दाखवतो. ऊसतोड मजुराकडे असते ती मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि तीही ‘कोयत्या’च्या हिशेबाने. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. बायकोचा हात ट्रॉलीखाली गेला, तर तिची वेगळी कमाई कुठल्याच वहीत सापडत नाही. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत भरते, वर स्वयंपाक करते. यातला प्रत्येक कामाचा भाग साक्षीत तपशिलाने यायला हवा. तो न सांगितल्यास न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते, आणि तो अंदाज बहुधा कमीच असतो.

अपंगत्वाचा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांकडून मिळतो. दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) या निकालात स्पष्ट केले. निकामी झालेला तोच हात कारकुनाला कसाबसा चालेल, कोयता धरणाऱ्याला नाही. समजा, जखमीचे वय 34, महिन्याची कमाई 12,000 रुपये, कमाईतली घट 40 टक्के. या वयाला सरला वर्मा निकालाप्रमाणे (2009) गुणक 16. म्हणजे 12,000 × 12 × 16 चे 40 टक्के, 9,21,600 रुपये. भावी वाढीचे 40 टक्के धरल्यास 12,90,240. उपचार, वेदना, बुडालेली मजुरी यांची रक्कम वेगळी.

विमा कंपनीचा ठरलेला आक्षेप : ट्रॅक्टर शेतीकामासाठी विमा केलेला, ट्रॉलीत माणसे बसवायची परवानगी नव्हती. आक्षेप टिकला तर बोजा मालकावर पडतो, आणि त्याचा ट्रॅक्टरच कर्जावर असतो. काही प्रकरणांत न्यायालय कंपनीला आधी रक्कम भरून नंतर मालकाकडून वसूल करायला सांगते. जखमीच्या वकिलाने ही मागणी अर्जातच करावी.

चूक सिद्ध न करता कलम 164खाली मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. हा मार्ग धरला की कलम 166चा सोडावा लागतो. ठोकर देऊन पळालेल्या अज्ञात वाहनासाठी अनुक्रमे 2 लाख आणि 50,000 रुपये असून अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना निराळी आहे.

निकाल मान्य नसल्यास 90 दिवसांत छत्रपती संभाजीनगर येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे अपील करता येते. वादातली रक्कम एक लाखाहून कमी असेल तर ती वाट बंद असते.