लहान पत्राचा वाचक व श्रोता : भांबुर्डें ते तरवडी

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत लवळें म्हणून गांव आहे. तेथील टेकडीवर सांप्रत वृत्तपत्रविद्या शिकविणारी सिंबायोसिसची संस्था उभी आहे. तेथून सूस व पाषाण या मार्गें शहराकडे येतां पूर्वींचें भांबुर्डें लागतें. हल्लींचें शिवाजीनगर तें हेंच. वाटेच्या एका टोकास पत्र कसें चालवावें याचे पाठ दिले जातात. दुसऱ्या टोकाच्या एका गृहस्थानें तें सन १८७७ मध्येंच प्रत्यक्ष चालवून पाहिलें होतें. लहान पत्रास वाचक कोठून मिळतो व तो टिकतो कशानें, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

भांबुर्ड्याचे कृष्णराव भालेकर हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. त्यांनीं ता. १ जानेवारी १८७७ रोजीं पुण्यास 'दीनबंधु' पत्र काढलें. तत्पूर्वीं पंचेचाळीस वर्षें, म्हणजे १८३२ त, बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' निघालें होतें; परंतु त्याचा वाचक मुंबईचा सुशिक्षित होता, व इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत तें छापलें जाई. भालेकरांनीं ज्या रयतेसाठीं पत्र काढलें, तीस बहुधा अक्षरओळखच नव्हती. असें पत्र चालावें कसें? द्रव्याभावीं त्यांस तें फार वर्षें चालवितां आलें नाहीं, आणि १८८० मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईस चालविण्यास घेतलें. यावरून 'दीनबंधु'स वाचक नव्हता असें कोणी अनुमान करील, तर तें आम्हांस मान्य नाहीं. वर्गणीदार व वाचक हे दोन भिन्न पदार्थ आहेत. आणि वाचक व श्रोता हेही भिन्नच.

यास प्रमाण जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या इतिहासांत सांपडतें. १८८३ त पूर्ण झालेल्या या ग्रंथाचीं पहिलीं दोन प्रकरणें 'दीनबंधूं'त छापलीं गेलीं. पुढील मजकूर छापण्यास लोखंडे कचरले, व त्याबद्दल फुल्यांनीं त्यांस बोल लावला. तथापि छापखाना थांबला म्हणून ग्रंथ थांबला नाहीं. पुणें, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर इत्यादि ठिकाणीं आपण तो लोकांस वाचून दाखविला, असें ग्रंथकर्ता स्वतः सांगतो. मावळ व देश या मुलुखांत पोथी ऐकण्याची परंपरा जुनीच. एकानें वाचावें व दहांनीं ऐकावें हा चावडीचा आणि देवळाचा परिपाठ. लहान पत्रानें तोच उचलला.

लोखंड्यांची दुसरी करणी अधिक बोलकी आहे. त्यांनीं पत्रास गिरणीकामगारांचें गाऱ्हाणें दिलें. १८८४ मध्यें त्यांच्या पुढाकारानें सुमारें ५,५०० कामगारांचा अर्ज सरकारकडे गेला, आणि १८९० त रविवारची सुटी पदरांत पडली. ज्याच्या घरचें दुःख पत्रांत उतरतें, तो निरक्षर असला तरी पत्र दुसऱ्याकडून वाचवून घेतो, हाच यांतील मर्मार्थ.

या धड्याचा पूर्ण उपयोग भालेकरांच्याच पुत्रानें केला. मुकुंदराव (जन्म १८८५) हे गणपतराव पाटलांच्या घरीं दत्तक गेले. गणपतरावांनीं १८८८ त 'दीनमित्र' मासिक काढलें होतें. त्यांच्या पश्चात् तें बंद पडलें. तेंच नांव घेऊन मुकुंदरावांनीं ता. २३ नोव्हेंबर १९१० रोजीं, म्हणजे जनक पिता भालेकर निवर्तले त्याच वर्षीं, साप्ताहिक सुरू केलें. प्रथम सोमठाणें येथून व पुढें नेवासें तालुक्यांतील तरवडीहून. शहर सोडून खेड्यांत छापलेलें हें पत्र १९६७ पर्यंत, म्हणजे सुमारें सत्तावन वर्षें चाललें. 'दीनबंधु' भालेकरांच्या हातीं तीन वर्षें टिकला. 'दीनमित्र' मुकुंदरावांच्या हयातभर.

हा फरक कशानें पडला? आमच्या मतें, संपादक वाचकांमध्येंच राहत होता, आणि गांवकऱ्यांच्या परिचयाचीच वाङ्मयरीति त्यानें पत्करली. मुकुंदरावांनीं १९१३ त 'कुळकर्णी लीलामृत' रचलें, तें ओवीबद्ध पोथीच्या धाटणीचें. ओवी कानास ओळखीची, आणि विषय खातेवहीचा. ज्याच्या हातीं लेखणी, त्याच्या हातीं रयतेची मान, हें ऐकणाऱ्याच्या अनुभवाचें. असें लिखाण एकट्यानें वाचून बाजूस ठेवण्याचें नव्हे. तें चारचौघांत म्हणण्याचें. पत्राचा वाचक याच रीतीनें श्रोत्यांच्या द्वारें वाढतो.

येथें संग्राहक बंधूंचें लक्ष एका गोष्टीकडे वेधणें अवश्य वाटतें. आपण जीं जुनीं दप्तरें जतन करतों, त्यांतील पुष्कळशीं कुळकर्ण्यांच्या घरचीं. त्यांत रयत आहे ती बाकीदार म्हणून, साक्षीदार म्हणून, निशाणी नांगराची म्हणून. तीच रयत वादी होऊन बोलते ती या लहान पत्रांत. दप्तराच्या रुमालास आपण हातरुमालाप्रमाणें जपतों, आणि पत्राचा अंक रद्दींत घालतों. म्हणजे खटल्याची एकच बाजू दप्तरीं लावतों.

तेव्हां लवळें, सूस वा पौड खोऱ्यांतील एखाद्या घरीं माळ्यावर 'दीनबंधु' वा 'दीनमित्रा'चा सुटा अंक सांपडल्यास तो टाकूं नये. त्यावरील पत्त्याची पट्टी, कडेस केलेली खूण, घडीवर पडलेली फाट हींही नोंदून ठेवावीं. वर्गणीचें बुक पत्र किती विकलें तेवढेंच सांगेल. अंक किती हातांतून फिरला हें त्याचा झिजलेला कागदच सांगतो.