सम्राटाने नाकारलेला महापौर

महापौराची निवडणूक म्हटलं की आपल्याला फोडाफोडी, बसमध्ये घालून गुपचूप हलवलेले नगरसेवक आणि शेवटी उधळलेला गुलाल आठवतो. आज ज्या निवडणुकीबद्दल मी बोलणार आहे, तिच्यात चुरस अशी फारशी नव्हतीच. कोण निवडून येणार हे साऱ्या शहराला ठाऊक होतं. मतं मोजली जात, टाळ्या पडत आणि मग सगळं अडत असे ते एका सहीपाशी. सही हवी होती ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याची. शहर होतं त्याची राजधानी व्हिएन्ना. आणि ज्याच्या नेमणुकीवर सही करायला सम्राट तयार नव्हता, त्या माणसाचं नाव कार्ल लुएगर. १८९५ च्या मे महिन्यात सुरू झालेलं हे प्रकरण १८९७ च्या एप्रिलपर्यंत चाललं. तेवढ्या अवधीत नगरसभेनं एकाच माणसाला पाच वेळा महापौर म्हणून निवडलं.

व्हिएन्ना म्हणजे वॉल्ट्झचं संगीत, ऑपेरा आणि कॉफीहाउसं, असं चित्र आपल्या मनात असतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. १८९० च्या सुमारास भोवतालची उपनगरं शहराला जोडली गेली आणि लोकवस्ती साडेतेरा लाखांच्या वर गेली. बोहेमिया-मोराव्हियातून चेक मजूर येत होते, पूर्वेकडच्या गॅलिशियातून गरीब ज्यू कुटुंबं येत होती. १८५७ साली शहरात ज्यू होते सहा हजारांच्या आसपास; १८९० मध्ये ते एक लाख अठरा हजारांच्या घरात गेले. १८६७ च्या कायद्यानं त्यांना समान नागरिकत्व मिळालं होतं आणि एका पिढीत डॉक्टर, वकील, पत्रकार, बँकर अशा पेशांमध्ये ते ठळकपणे दिसू लागले होते.

नगरसभेत १८६१ पासून उदारमतवाद्यांची सत्ता होती. हे लोक शिकलेले, सुधारणावादी, शहराला नवं रूप देणारे. पण त्यांच्या उदारमताला एक कुंपण होतं. नगरसभेच्या १३८ जागा तीन वर्गांत वाटलेल्या होत्या, प्रत्येकाला ४६. पहिल्या वर्गात बडे करदाते, दुसऱ्यात अधिकारी, शिक्षक, पदवीधर आणि तिसऱ्यात छोटे दुकानदार, कारागीर. म्हणजे मूठभर श्रीमंतांच्या वर्गाला जेवढ्या जागा, तेवढ्याच हजारोंच्या वर्गाला. कर न भरणाऱ्या मजुराला मतच नाही. १८८५ मध्ये कराची अट दहा गुल्डेनवरून पाचवर आली, तेव्हा शिंपी, चांभार, सुतार, खानावळवाले असा एक मोठा थर प्रथमच मतदार झाला. ‘पाच गुल्डेनवाले’ असंच त्यांना म्हणत. कारखान्यांच्या मालानं आणि मोठमोठ्या दुकानांनी या लोकांचा धंदा बसत चालला होता. १८७३ मध्ये व्हिएन्नाचा शेअरबाजार कोसळला, त्यात अनेकांची पुंजी बुडाली होती. त्यांचं दुःख खरं होतं आणि ते ऐकून घ्यायला उदारमतवाद्यांना वेळ नव्हता. लुएगरचा शिरकाव झाला तो नेमका इथून.

लुएगरचा जन्म १८४४ चा. वडील एका तंत्रशिक्षण संस्थेत शिपायासारखी नोकरी करत. मुलगा हुशार, उमरावांच्या मुलांच्या शाळेत शिकला, कायद्याची डॉक्टरेट मिळवली आणि १८७५ मध्ये नगरसभेत आला. दिसायला राजबिंडा, लग्न केलेलं नाही, बोलणं अस्सल व्हिएन्नाच्या गावठी बोलीतलं. बिअरच्या गुत्त्यातली सभा कशी जिंकायची हे त्याला उपजत कळत होतं. ‘देखणा कार्ल’ हे लोकांनी दिलेलं लाडकं नाव.

सुरुवातीच्या वर्षांत तो लोकशाहीवादी म्हणून ओळखला जाई. नगरसभेतल्या भ्रष्टाचारावर तो तुटून पडे, आणि या लढ्यातला त्याचा सर्वांत जवळचा सहकारी होता इग्नाझ मांडल नावाचा एक डॉक्टर. हा मांडल ज्यू होता. पुढे १८८० च्या दशकात वारा कुठल्या दिशेला वाहतोय हे लुएगरनं ओळखलं, मांडलला सोडलं आणि ज्यूद्वेष्ट्यांच्या व्यासपीठावर जाऊन उभा राहिला. कारागिराचा धंदा का बुडाला, याचं खरं उत्तर लांबलचक आणि कंटाळवाणं होतं. लुएगरचं उत्तर एका शब्दाचं होतं. दुकानदार जसा खपेल तो माल ठेवतो, तसा त्यानं द्वेष ठेवला, असं मला वाटतं. ‘ज्यू कोण हे मी ठरवतो’ अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्या नावावर सांगितलं जातं, कारण दिवसा शिव्या द्यायच्या त्याच लोकांच्या घरी संध्याकाळी जेवायला जायला त्याला संकोच नसे. काही जण याला त्याचा मोकळेपणा म्हणतात. मला तर तो मनापासूनच्या द्वेषाहून भयंकर वाटतो.

आता मूळ प्रकरणाकडे येऊ. महापौर थेट जनतेतून निवडला जात नसे. आपल्या महापालिकांसारखाच तो नगरसदस्य निवडत. मात्र त्यानंतर सम्राटाची मान्यता लागे. मे १८९५ मध्ये लुएगर अगदी निसटत्या बहुमतानं निवडला गेला, तेव्हा त्यानं स्वतःच पद नाकारलं. सभा बरखास्त झाली. सप्टेंबरमध्ये नव्यानं निवडणुका झाल्या आणि १३८ पैकी ९२ जागा लुएगरच्या आघाडीला मिळाल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस तो पुन्हा महापौर निवडला गेला.

फ्रान्झ जोसेफनं मान्यता नाकारली. सम्राटाला आपल्या ज्यू प्रजेची काळजी होती, हे खरंच. कायद्यापुढे सगळी प्रजा समान, या तत्त्वाला राजधानीचा महापौर उघड सुरुंग लावतो, हे त्याला खपणारं नव्हतं. पण कारणं आणखीही होती. लुएगर हंगेरीवर सतत आग पाखडत असे, आणि हंगेरी म्हणजे साम्राज्याचा अर्धा भाग. तिथल्या सरकारचा दबाव होता. दरबारातले उमराव आणि मोठे धर्मगुरूही या गुत्त्यातल्या पुढाऱ्यावर नाराज होते. ऑस्ट्रियाच्या बिशपांनी तर त्याच्या पक्षाविरुद्ध तक्रार घेऊन एका कार्डिनलना रोमला पाठवलं. गंमत अशी की पोप तेरावे लिओ यांचा कौल लुएगरच्या पक्षाच्या बाजूनं पडला.

नकाराची बातमी आली तेव्हा शहरातला एक चाळिशीकडे झुकलेला डॉक्टर फार खूश झाला. मित्राच्या सल्ल्यावरून त्यानं सिगार कमी केले होते. त्या दिवशी आनंदाच्या भरात त्यानं पथ्य मोडलं आणि तसं मित्राला पत्रात कळवून टाकलं. या डॉक्टरचं नाव सिग्मंड फ्रॉइड.

दुसरा एक माणूस मात्र खूश नव्हता. थिओडोर हर्झल हा व्हिएन्नाच्या एका मोठ्या दैनिकाचा पत्रकार. पॅरिसहून नुकताच परतलेला, स्वतः ज्यू. सप्टेंबरच्या मतदानाच्या दिवशी लुएगरला पाहून गर्दी कशी भारावते, हे त्यानं जवळून पाहिलं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याची पंतप्रधान काउंट बाडेनी यांच्याशी भेट झाली आणि लुएगरचा विषय निघाला. हर्झलनं जे सांगितलं ते त्याच्या रोजनिशीत आहे. लुएगरला मान्यता द्या, असं त्याचं म्हणणं. पहिल्यांदा नाकारलंत तर पुढे कधी देता येणार नाही, आणि तिसऱ्यांदा नाकारलंत तर रस्त्यावर घोडदळ आणावं लागेल. ज्यूद्वेष्ट्या पुढाऱ्याला महापौर होऊ द्या, असं एक ज्यू माणूस सांगत होता. बाडेनी हसले आणि त्यांनी ते झटकून टाकलं.

त्यानंतर काही दिवसांतच, १३ नोव्हेंबरला, सभेनं पुन्हा लुएगरलाच निवडलं. सरकारी प्रतिनिधीनं तिथल्या तिथे बरखास्तीचा हुकूम वाचला. बाहेर गर्दी, घोषणा, पोलीस. कारभार नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. १८९६ च्या आरंभी पुन्हा निवडणुका. या वेळी लुएगरकडे ९६ जागा. म्हणजे सम्राटाच्या नकारानं त्याच्या पदरात चार जागा आणखी टाकल्या. एप्रिलमध्ये चौथ्यांदा निवड आणि पुन्हा नकार. मग सम्राटानं लुएगरला भेटीला बोलावलं आणि तूर्त बाजूला व्हा, असं सांगितलं. लुएगर लगेच तयार झाला. कारण ‘तूर्त’ या शब्दातच त्याचा विजय होता. सम्राट स्वतः भेटतो, विनंती करतो, ही गोष्ट त्यानं अनुयायांना रंगवून सांगितली. स्ट्रोबाख नावाचा त्याचा सहकारी महापौर झाला, लुएगर उपमहापौर. खुर्चीवर कोण आणि कारभार कोणाचा, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मार्च १८९७ मध्ये संसदेच्या निवडणुकीत सर्वसाधारण मतदारांसाठी प्रथमच ठेवलेल्या व्हिएन्नातल्या पाचही जागा लुएगरच्या ख्रिश्चन सोशल पक्षानं जिंकल्या. बाडेनींना चेक-जर्मन भाषावादात संसदेत मित्रांची गरज होती. स्ट्रोबाखनं राजीनामा दिला, ८ एप्रिलला लुएगर पाचव्यांदा निवडला गेला आणि १६ एप्रिलला सम्राटानं सही केली.

मग सम्राटाचं चुकलं का? माणूस ओळखण्यात त्याची चूक झाली नव्हती, असं माझं मत आहे. पण त्याच्या हातात होता तो विशेषाधिकार, आणि विशेषाधिकारानं अडवलेला माणूस लोकांच्या नजरेत हुतात्मा होतो. त्याच्या मागे उभे असलेले उदारमतवादीही लोकशाहीची भाषा बोलू शकत नव्हते. तीस-पस्तीस वर्षं त्यांनीच मताचा हक्क थोड्यांपुरता राखला होता.

लुएगर १९१० मध्ये मरेपर्यंत महापौर राहिला, आणि त्यानं काम केलं. अमाप केलं. शहराला गॅस पुरवणारी कंपनी इंग्रजांची होती. तिचा करार संपताच १८९९ मध्ये झिमरिंगला नगरपालिकेचा स्वतःचा गॅस कारखाना सुरू झाला. त्याच्या विटांच्या चार अवाढव्य टाक्या अजून उभ्या आहेत. २००१ पासून त्यांत लोक राहतात. ट्राम आणि वीज शहराच्या मालकीची झाली. आल्प्समधून पाण्याची दुसरी नळवाहिनी आली, शहराभोवतीचं जंगल-कुरणांचं हिरवं कडं राखलं गेलं, लाइन्झमध्ये निराधार वृद्धांसाठी मोठं निवासस्थान झालं. ज्यूंविरुद्ध कायदे करायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता आणि त्यानं त्यासाठी धडपडही केली नाही. लेखक स्टेफान झ्वाइग स्वतः ज्यू. त्यानं पुढे लिहिलं की या महापौराचा कारभार न्याय्य होता.

पण नगरपालिकेच्या नोकऱ्यांत ज्यू आणि समाजवादी उमेदवारांना दारं बंद होत गेली. नवा नागरिक होणाऱ्याला शहराचं जर्मनपण राखण्याची शपथ घ्यावी लागू लागली. रोख चेक लोकांवर होता. १९०० मध्ये मजुरांसाठी चौथा वर्ग काढला तो अवघ्या २० जागांचा. गरिबांचा कैवारी म्हणवणाऱ्यानं सर्वांना समान मत दिलं नाही, कारण ते समाजवाद्यांकडे जाईल हे त्याला ठाऊक होतं. झालंही तसंच. १९१९ मध्ये स्त्रियांसह सर्वांना समान मत मिळालं आणि शहर समाजवाद्यांच्या हाती गेलं.

१९१० च्या मार्चमधल्या त्याच्या अंत्ययात्रेला लाखोंची गर्दी होती. तिच्यात विशीतला एक बेकार तरुण होता, चित्रकार होण्यासाठी राजधानीत आलेला. पुढे त्यानं आपल्या पुस्तकात लुएगरला सर्व काळातला सर्वश्रेष्ठ जर्मन महापौर ठरवलं. तक्रार एवढीच की लुएगरचा ज्यूद्वेष पुरेसा कडवा नव्हता. अॅडॉल्फ हिटलर १९३८ मध्ये व्हिएन्नाला परतला तेव्हा ज्यूंना गुडघ्यांवर बसवून रस्ते घासायला लावण्यात आलं, आणि बघायला शेजारीपाजारी जमले. ऑस्ट्रियातले सुमारे ६५ हजार ज्यू पुढच्या काही वर्षांत मारले गेले. लुएगरनं हे केलं असं कोणी म्हणणार नाही. ज्या गोष्टी सभ्य घरात बोलत नसत, त्या महापौराच्या तोंडून ऐकायची सवय शहराला त्यानं लावली, एवढं मात्र म्हणावं लागतं.

हर्झलचा ‘ज्यू राष्ट्र’ हा प्रबंध फेब्रुवारी १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला, लुएगरच्या दोन नकारांच्या मधल्या काळात. युरोपात ज्यूंना भविष्य नाही, असं त्यात मांडलं होतं.

व्हिएन्नात लुएगरच्या नावाच्या चौकात १९२६ मध्ये उभारलेला त्याचा पुतळा आहे. विद्यापीठाजवळच्या रस्त्याचं त्याचं नाव २०१२ मध्ये काढलं गेलं, पण पुतळ्याचं काय करायचं यावर वाद अनेक वर्षं चालला. कोणी म्हणे हटवा, कोणी म्हणे इतिहास पुसू नका. २०२० मध्ये चौथऱ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरांत ‘लाज’ असा शब्द रंगवला. पुसण्याचा प्रयत्न झाला तसा काही कलाकारांनी त्यावर पहारा दिला. अखेर २०२३ मध्ये स्पर्धेतून एक कल्पना निवडण्यात आली. पुतळा तिथेच ठेवायचा आणि चौथऱ्यासह साडेतीन अंश कलता करायचा.