फाइलीत न मावलेली नावं

आजचा विषय आहे एमपी-थ्री. या फाइलनं आपल्याला काय दिलं आणि आपल्याकडून काय नेलं, ते आज जरा इतिहासाच्या अंगानं पाहू.

सुरुवात १९०२ पासून करावी लागेल. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित करत होते. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तरीही गाण्याच्या शेवटी गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या. कारण साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुठली तबकडी कोणाची हे कळायला हवं ना! पुढे एलपी आली, एका बाजूला वीसएक मिनिटं मिळाली. वेष्टणाच्या मागे राग, ताल, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे छापलेलं असे. आपण गाणं ऐकता ऐकता ते वाचायचो.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, तेही डाव्या-उजव्या बाजूचे वेगवेगळे. मिनिटाला साधारण १० एमबी होतात. त्या काळच्या टेलिफोन तारांवरून एवढा माल पाठवणं अशक्यच.

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाला भिडले. त्यांनी आधार घेतला कानाच्या एका मर्यादेचा. मोठा आवाज चालू असेल, तर त्याच्या जवळच्या स्वराचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. मग तो साठवायचा कशाला? फौजेत वायरलेसवर आम्ही रोज बोलायचो. निरोप पोचायचा, बोलणारा ओळखू यायचा, पण आवाजातला गोडवा तारेपलीकडे जात नसे. एमपी-थ्रीनं हीच काटछाट केली, फक्त फार हुशारीनं. चाचणीसाठी ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं वापरलं. त्यात साथीला एकही वाद्य नाही. नुसत्या गळ्याला आडोसा नसतो, त्यामुळे काटछाटीतली खोट लगेच उघडी पडते.

१४ जुलै १९९५ रोजी या फाइलींना ‘.एमपी३’ हे शेपूट लावायचं ठरलं. मिनिटाचे १० एमबी आता १ एमबीवर आले. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, २००१ मध्ये आयपॉड. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाड्यांवर एमपी-थ्री सीडी आल्या, एकेका सीडीत बारा तासांचं गाणं. मग मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. यातलं बरंचसं विनापरवाना होतं, हे खरं. पण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला विचारा. ईशान्येकडे पोस्टिंग असताना नाट्यसंगीताची कॅसेट मिळवायची म्हणजे सुट्टीवरून परतणाऱ्या एखाद्या जवानाची वाट पाहणं. एमपी-थ्रीनं ते अंतर पुसलं. हे ऋण मानायलाच हवं.

मग नेलं काय? लोक म्हणतात, आवाजाचा दर्जा नेला. कमी दराच्या फाइलीत तानपुऱ्याची जवारी पाणचट वाटते, हे मीही ऐकलंय. पण ते दुखणं तात्पुरतं होतं. साठवण स्वस्त झाली, फाइली मोठ्या झाल्या, दर्जा परत आला.

परत आली नाहीत ती नावं. १९९६ मध्ये या फाइलींच्या शेवटी माहितीची एक चिठ्ठी जोडायची सोय झाली. तिचं नाव आयडी-थ्री. एकूण जागा १२८ बाइट. गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. तीही रोमन लिपी गृहीत धरून. रागाला रकाना नाही, तालाला नाही, तबलजीला नाही, सारंगियाला नाही. आपल्याकडे तर तेवढंही भरलं जाईना. कार्डात ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी ओळ लागली. पुढे चिठ्ठी मोठी झाली, वाट्टेल ती माहिती मावू लागली. पण सवय मोडली ती मोडलीच. आजही ॲपवर एखादा ख्याल लावा, गायकाचं नाव मिळेल. अर्धा तास ठेका धरणारा माणूस कोण, ते बहुतेक वेळा मिळत नाही.

पलटणीत नॉमिनल रोल असतो. त्यात आचाऱ्यापासून कर्नलपर्यंत प्रत्येकाचं नाव असतं, कारण काम सगळ्यांनी मिळून केलेलं असतं. मैफलीचंही तसंच आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात जुन्या एलपी, कॅसेटची वेष्टणं, मैफलींच्या पत्रिका असतील, तर त्यांवरची नावं आपल्या संगणकातल्या फाइलींत लिहून ठेवा. देवनागरीत लिहा, आता ते जमतं. ज्यांनी ती मैफल प्रत्यक्ष ऐकली, ते हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. आवाज यंत्रानं जपलाय. नावं मात्र आपल्यालाच जपावी लागतील.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.