मुहूर्ताला सव्वीस तास

मांजरसुंब्याच्या चौकात चारी बाजूंची वाहतूक येऊन मिळते. सोलापूर-धुळे महामार्ग चौसाळ्याकडून येतो आणि घाट उतरून बीडला जातो. त्याला आडवा रस्ता पाटोद्याकडून येऊन केज-अंबाजोगाईकडे निघतो. वऱ्हाड कुठल्याही गावाहून येवो, इथे पोचणं सोपं. म्हणून अशा रस्त्यांच्या कडेला लॉन्स उभी राहतात, आणि मे महिन्यात डोंगर करपलेला असतानाही लॉन्सवरची हिरवळ हिरवीच ठेवावी लागते.

पुढचा घटनाक्रम घडून गेलेल्या लग्नाचा नाही. हिरवळीचे फवारे आणि स्वयंपाकघराचा नळ एकाच टाकीवर आहेत, आणि मध्ये उलटं पाणी अडवणारा वॉल्व्ह नाही किंवा असूनही कधी तपासलेला नाही, अशा कुठल्याही लॉन्सवर तो घडू शकतो. समजा, उद्याचा मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा आहे.

26 तास आधी. सकाळचे 10:35

मालक सगळं जातीनं पाहतोय. मंडपाचे खांब, जनरेटरचं डिझेल, आचाऱ्याची यादी, नवरदेवाच्या खोलीतला कूलर. टँकर येऊन टाकी भरून गेला आहे. टाकीतून खाली एकच पाइप उतरतो. जमिनीजवळ त्याला टी बसवून दोन वाटा केल्या आहेत: एक वरच्या टप्प्यावरच्या हिरवळीला, दुसरी उताराच्या तळाशी असलेल्या स्वयंपाकघराला.

त्या टीजवळ अर्धा तास थांबलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. हिरवळीच्या फाट्यावर एनआरव्ही, म्हणजे उलटं पाणी अडवणारा वॉल्व्ह, असेल तर त्याची साधी तपासणी कोणताही प्लंबर करू शकतो. टाकीकडून येणारा कॉक बंद करायचा, तो कॉक आणि एनआरव्ही यांच्यामध्ये बसवलेली छोटी तोटी उघडायची आणि पाहत राहायचं. पाइपात अडकलेलं पाणी गळून गेल्यावर धार थांबली, तर एनआरव्ही धरतोय. धार चालूच राहिली, तर हिरवळीकडचं पाणी मागे येतंय. आतल्या रबराला भेग पडलेली असते, किंवा वाळूचा एखादा खडा झडपेखाली अडकून बसलेला असतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी पुढे नीट जातं, फवारे उडतात, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. या वॉल्व्हचं काम वर्षातून एखाद्याच क्षणी पडतं, आणि त्या क्षणी तो बिघडलेला आहे हे कळून उपयोग नसतो.

अमेरिकेतल्या अनेक शहरांत घराच्या अंगणातल्या फवाऱ्यांनासुद्धा दरवर्षी ही तपासणी सक्तीची आहे. परवानाधारक तपासनीस मापक लावून ती करतो आणि अहवाल पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेकडे जातो. तिथे नुसत्या एनआरव्हीवर भागत नाही. पाइपातला दाब पडताच आत हवा घेऊन ओढ तोडणारं साधन लावतात, आणि ते सर्वांत उंच फवाऱ्यापेक्षा किमान 12 इंच वर असावं लागतं. जिथे पाण्यात खत किंवा औषध सोडलं जातं, तिथे दोन झडपा आणि त्यांच्यामध्ये आपोआप उघडून पाणी बाहेर टाकणारा तिसरा वॉल्व्ह, असं महागडं साधन लागतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेतही पिण्याच्या पाण्याची वाहिनी दूषित पाण्याच्या वाहिनीला जोडायला मनाई आहे. पण मांजरसुंब्याच्या माळावर टी बसवताना ती संहिता कोण उघडून पाहतं? एवढी महाग साधनं न घेताही एक उपाय होता: हिरवळीला वेगळी छोटी टाकी. ती भरणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीच्या काठापेक्षा पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट तरी उंच ठेवायचं. मधली मोकळी हवा पाण्याला मागे जाऊच देत नाही, आणि हवेचं रबर झिजत नाही.

मालक त्या टीवरून पुढे निघून जातो.

18 तास आधी. संध्याकाळचे 6:35

हळद उरकली आहे. वरच्या टप्प्यावर लेकरं लोळतायत. हिरवळीत जमिनीच्या पातळीला पुरलेले फवारे आहेत. पाणी सुटलं की वर येतात, बंद झालं की आपापल्या खड्ड्यात बसतात. गेल्याच आठवड्यात शेणखत टाकलंय. कुंपणाच्या फटीतून दुपारी शेरडं येऊन गेली. आणि एका लहानग्याला आईनं हिरवळीच्या कोपऱ्यातच बसवलं, कारण संडासापुढे रांग होती. त्याला कावीळ झालेली आहे, पण कुणाला ठाऊक नाही. लहान मुलांत हिपॅटायटिस ए बऱ्याचदा डोळे पिवळे न करताच येऊन जातो, आणि विष्ठेतून विषाणू सर्वांत जास्त पडतो तो लक्षणं दिसण्याआधी.

8 तास आधी. पहाटेचे 4:35

माळी फवारे सोडतो. पाहुणे उठायच्या आत हिरवळ ताजी दिसायला हवी. पाऊण तासात जमीन पाणी प्यायची थांबते आणि फवाऱ्यांच्या खड्ड्यांत गढूळ पाणी साचतं. माळी चहाला जातो. फाट्यावरचा कॉक उघडाच राहतो.

7 तास आधी. पहाटेचे 5:35

टाकी रिकामी होते. फवाऱ्यांनी अर्धी संपवली होती, उरलेली वऱ्हाडाच्या आंघोळींनी. दुसरा टँकर अजून वाटेतच आहे. त्याच वेळी उताराच्या तळाशी आचारी स्वयंपाकघराचा मोठा नळ उघडतो.

वरून दाब देणारं पाणी आता नाही. वरच्या टप्प्यावरचे पाइप मात्र भरलेले आहेत, आणि पाणी उताराला लागतं. हिरवळीच्या पाइपातलं पाणी टीपर्यंत मागे येतं आणि स्वयंपाकघराच्या वाटेला लागतं. पाइपात मागे पोकळी होते, ती भरायला काहीतरी आत यायलाच हवं, आणि फवाऱ्यांची तोंडं तर खड्ड्यातल्या पाण्यात बुडालेली आहेत.

"मामा, पाणी पिवळं यायलंय."

"सोड की जरा. येतंय बघ साफ."

ते साफ दिसायलाही लागतं. गाळ आधी निघून जातो. विषाणू दिसत नाही.

इथे घड्याळ थांबवून 29 ऑगस्ट 1969 या तारखेकडे जावं लागतं. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात होली क्रॉस नावाचं जेझुइट महाविद्यालय आहे. त्याचा फुटबॉल संघ नव्या हंगामाचा सराव करत होता. मैदानाला पाणी देण्यासाठी जमिनीत फवाऱ्यांचे खड्डे होते, आणि त्याच वाहिनीवर खेळाडूंच्या पिण्याचा नळ होता. मैदानाशेजारच्या घरातल्या मुलांना कावीळ झालेली होती, आणि ती मुलं त्या खड्ड्यांतल्या पाण्यात खेळत असत. त्या दिवशी शहरात आग लागली. अग्निशामक दलानं पाणी ओढलं आणि वाहिनीतला दाब कोसळला. खड्ड्यांतलं पाणी पाइपात ओढलं गेलं. दाब परतला तेव्हा ते नळाकडे ढकललं गेलं, आणि उन्हात दमलेली पोरं ते प्यायली.

त्या दिवशी काहीच झालं नाही. पुढचे तीन आठवडेही काही झालं नाही. सप्टेंबरच्या शेवटी एकेक जण अंथरूण धरू लागला. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून 97 जण होते. त्यांपैकी 90 जणांना संसर्ग झालेला निघाला. संघ दोन सामने खेळला, दोन्ही हरला आणि बाकीचा हंगाम रद्द झाला. लिओनार्ड मोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शोध 1972 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो वाचताना मला सर्वांत जास्त हलवतं ते हे, की कुणीच दुष्टपणा केलेला नव्हता. आग विझवणारे आपलं काम करत होते, मुलं खेळत होती, पोरं तहानलेली होती. चुकलं होतं ते फक्त पाइपांचं नातं.

आपल्याकडे हेच नदीच्या मापानं घडलं. 1955 च्या अखेरीस यमुनेनं पात्र बदललं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं सरकून दिल्लीच्या वजिराबादच्या उपशाच्या ठिकाणी पोचलं. सुमारे 29 हजार माणसांना कावीळ झाली. तो हिपॅटायटिस ई होता हे कळायला पुढे काही दशकं जावी लागली. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार आईचा जीव घेऊ शकतो. एखाद्या लग्नात अशा किती लेकी-सुना असतात, याचा विचार मनातून जात नाही.

4 तास आधी. सकाळचे 8:35

दुसरा टँकर येतो. टाकी भरते, दाब परततो, नळाची धार पुन्हा जोरात सुरू होते. आता पाणी तपासलं तरी कदाचित काही सापडणार नाही. पहाटेचं पाणी पिंपांत भरून ठेवलेलं आहे. त्यातलं निम्मं वरण-भाताला जातं, उकळतं आणि निर्धोक होतं. उरलेल्या पाण्यात कोशिंबिरीच्या काकड्या धुतल्या जातात आणि मठ्ठा घुसळला जातो. पिण्याला थंड पाण्याचे जार मागवले आहेत, म्हणून यजमान निश्चिंत आहे. मठ्ठ्याचा विचार कुणी केलेला नाही.

1 तास आधी. सकाळचे 11:35

ऊन चढलंय. वरात पोचते. नाचून आलेली पोरं मठ्ठ्याच्या पिंपाभोवती गर्दी करतात.

12:35

अक्षता पडतात. जेवण सगळ्यांना आवडतं.

चार आठवड्यांनंतर

होली क्रॉसचा शोध लागला, कारण सगळे आजारी एकाच मैदानावर रोज भेटत होते. त्या दिवसानंतर सरावाला आलेले पहिल्या वर्षाचे खेळाडू ठणठणीत राहिले, तेव्हा बोट नेमकं एका तारखेवर ठेवता आलं. लग्नाचं तसं नसतं. एक जण केजला, दोघं पाटोद्याला, एक कुटुंब पुण्याला, नवरी तिच्या सासरी. प्रत्येकाची नोंद त्या त्या गावच्या दवाखान्यात होते आणि प्रत्येक डॉक्टर त्या त्या गावचं पाणी तपासायला सांगतो. महिन्याभरापूर्वी मठ्ठा कुठे प्यायलात, असं विचारायचं कुणाला सुचत नाही, आणि विचारलं तरी पेशंटला ते आठवत नाही. काविळीवर झाडपाल्याचं औषध देणाऱ्यांच्या अंगणातली रांग तेवढी वाढते.

लॉन्सवर तोपर्यंत आणखी लग्नं लागून गेलेली असतात. टी तिथेच असतो.