इंग्रजीतील रकाराचा लोप : शिष्ट उच्चाराच्या इतिहासातील एक प्रकरण

इंग्रजी शब्दाचा शुद्ध उच्चार कोणता, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा लंडनकडे बोट दाखवून दिले जाते. परंतु तो उच्चारही मुळात एका प्रांताचाच होय, व त्यास शिष्टपद मिळण्याची कारणे ध्वनीबाहेरची आहेत. स्वरानंतर येणाऱ्या रकाराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

शब्दाच्या मध्यभागी व अंती र सौम्य होतो, अशी नोंद बेन जॉन्सनच्या १६४० साली प्रसिद्ध झालेल्या व्याकरणात आढळते. १७९१ साली जॉन वॉकरने आपल्या उच्चारकोशात यापुढची अवस्था नोंदविली. लंडनमध्ये ‘बार’, ‘बार्ड’ अशा शब्दांतील र म्हणजे जवळजवळ लांबविलेला आकारच होय. आयर्लंडात मात्र तो जिभेच्या कंपाने स्पष्ट उमटतो, असे तो म्हणतो. लंडनची ही लकब त्याने सर्वस्वी त्याज्य मानली नाही. शब्दारंभी र कठोर व अन्यत्र मृदू असावा, असा मध्यम मार्ग त्याने सुचविला.

पुढे दक्षिण इंग्लंडात हा लोप पूर्ण झाला. डॅनिएल जोन्सने १९१७ च्या कोशासाठी दक्षिणेकडील निवासी पब्लिक स्कुलांत शिकलेल्या वर्गाचा उच्चार प्रमाण धरला. या उच्चारात न्यायालयवाचक ‘कोर्ट’ आणि ‘पकडले’ या अर्थाचा ‘कॉट’ हे दोन शब्द कानास एकच वाटतात. स्कॉटलंडात ते भिन्न राहिले. लीड्स विद्यापीठाने १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी केलेल्या बोलींच्या पाहणीत नैर्ऋत्य इंग्लंड व लँकेशरचा काही भाग येथील ग्रामस्थांच्या मुखी हा र आढळला. ज्यास गावंढळ म्हटले गेले, तेच रूप अधिक जुने होते.

अमेरिकेत याच्या उलट घडले. बोस्टन, न्यूयॉर्क आदी किनाऱ्यावरील शहरांत र लोपला होता व तो लोप प्रतिष्ठित होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पारडे फिरले. १९६२ साली विल्यम लबॉव्हने न्यूयॉर्कमधील तीन दुकानांतील विक्रेत्यांचे उच्चार तपासले, तेव्हा दुकान जितके उच्चभ्रू तितका र अधिक, असे दिसून आले. लंडनमध्ये जे अशिष्टपणाचे लक्षण, तेच न्यूयॉर्कमध्ये शिष्टत्वाचे ठरले.

मराठी भाषक ‘डॉक्टर’, ‘बोर्ड’, ‘मोटार’ या शब्दांतील र स्पष्ट उच्चारतात. मराठीत र कोठेही लोपत नाही व इंग्रजी लेखनातही तो समोर असतोच. हाच र स्कॉटलंडच्या मनुष्याच्या तोंडी आला तर त्यास आपण प्रांतभेद म्हणतो. मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी आला तर अशुद्ध ठरवितो. या निवाड्यास ध्वनिशास्त्राचा आधार नाही. ऐकणाऱ्यास शब्द कळावा, ही अपेक्षा रास्त आहे; एका प्रांताच्या सवयीस शुद्धतेचे माप मानणे मात्र इतिहासास धरून नाही.