घानातील मॉर्मन मिशनरी : दैनंदिन जीवन

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाच्या प्रचारासाठी ठरावीक मुदतीपुरते राहणारे अविवाहित, बिनपगारी तरुण-तरुणी. जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये अमेरिकेत हा पंथ स्थापन केला. मुख्यालय यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. ‘मॉर्मन’ हे नाव सर्वत्र रूढ असले तरी ते वापरू नये, असा पंथाचा २०१८ पासून आग्रह आहे. मुलगे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दोन वर्षांसाठी, मुली दीड वर्षासाठी जातात. देश निवडण्याची मुभा नसते. कुठे जायचे ते मुख्यालयाकडून आलेल्या पत्रातच कळते.

मिशनरी म्हटले की मराठी वाचकाला मिरजेचे डॉ. वानलेस किंवा मुंबईचे जॉन विल्सन आठवतात : एका गावात आयुष्य घालवणारे, भाषा शिकून ग्रंथ लिहिणारे, दवाखाना किंवा शाळा काढणारे. घानातही अशी परंपरा होती. बाझेल मिशनची माणसे १८२८ मध्ये तिथे उतरली आणि पुढे योहान ख्रिस्टालर याने तिथल्या ट्वी भाषेचे व्याकरण (१८७५) आणि कोश (१८८१) सिद्ध केला. (कोकणातल्या घरांवरची मंगळुरी कौले ही याच मिशनच्या कारखान्यांची देणगी.) मॉर्मन तरुण त्या जातकुळीतला नाही. तो वैद्य नसतो, शिक्षक नसतो आणि एका वस्तीत बहुधा काही महिन्यांपेक्षा जास्त राहतही नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते. तीत त्याचे नाव असेल तर पेटी भरायची.

या पंथाचा घानातला इतिहास उलट्या क्रमाने घडला. तिथे अनुयायी आधी तयार झाले, प्रचारक मागाहून आले. जोसेफ विल्यम बिली जॉन्सन या घानाच्या गृहस्थाने १९६४ मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा पंथाचा धर्मग्रंथ वाचला आणि कोणाच्याही परवानगीवाचून मंडळ्या उभारल्या. मिशनरी पाठवा, अशी पत्रे यूटाला जात राहिली; पण कृष्णवर्णीय पुरुषांना धर्माधिकार न देण्याचा नियम पंथात होता आणि तो जून १९७८ पर्यंत टिकला. नियम उठल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात केप कोस्ट येथे जॉन्सन व त्याच्या मंडळींचा बाप्तिस्मा झाला. चौदा वर्षे वाट पाहायला लावणाऱ्या पंथाकडे ही माणसे पाठ फिरवून गेली नाहीत, हे नोंदवण्यासारखे आहे. पुढे १४ जून १९८९ रोजी घाना सरकारने पंथाच्या कामावर बंदी घातली आणि परदेशी मिशनरींना देश सोडावा लागला. ३० नोव्हेंबर १९९० ला बंदी उठली. २००४ मध्ये आक्रा येथे पंथाचे मंदिर झाले.

दिवसाचे वेळापत्रक यूटाने आखलेले आहे. सकाळी साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम, नाश्ता, मग धर्मग्रंथांचे वाचन : आधी एकट्याने, नंतर जोडीदारासह. रात्री नऊच्या सुमारास खोलीवर परतायचे आणि साडेदहाला दिवा मालवायचा. २०१७ पासून स्थानिक गरजेनुसार त्यात थोडी ढिलाई मिळते. ती घानात हवीच. दुपारच्या उन्हात रस्ते ओस पडतात, तर विषुववृत्त जवळ असल्याने बाराही महिने संध्याकाळी सहाच्या आसपास अंधार होतो. माणसे घरी भेटण्याची वेळ म्हणजे ही तिन्हीसांज. दिवे गेलेले असतील, तर धर्माचा पाठ मोबाइलच्या उजेडात होतो. वीज वारंवार जाण्याला घानात ‘दुमसोर’ असे खास नावच आहे. डिसेंबरच्या सुमारास सहाराकडून हरमाटन वारा सुटतो आणि पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस धूळ बसते. मच्छरदाणी आणि हिवतापाची गोळी यांना सुट्टी नसते.

मिशनरी एकटा कधीच नसतो. जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात असला पाहिजे, असा दंडक आहे आणि हा जोडीदारही वरून नेमून दिलेला असतो. यूटाच्या मुलाबरोबर नायजेरियाचा मुलगा, अशा जोड्या जुळतात. खाण्याच्या सवयी, स्वच्छतेच्या कल्पना, पैशाचा हिशेब यांवरून खटके उडतात. ऊन आणि डास यांपेक्षा हा सहवासच अधिक कसोटी पाहणारा म्हणावा लागेल.

प्रवास पायी किंवा ट्रोट्रोने होतो. ट्रोट्रो म्हणजे खच्चून भरलेली वडापची गाडी. दारात उभे राहून गावांची नावे पुकारणाऱ्या पोऱ्याला ‘मेट’ म्हणतात. गोऱ्या मिशनरीमागे ‘ओब्रुनी, ओब्रुनी’ (गोरा परदेशी) असे ओरडत पोरे धावतात. घानातल्या अकान लोकांच्या घरी पाहुण्याला आधी बसवतात, पाणी देतात आणि मगच येण्याचे कारण विचारतात. प्रचारकाच्या दृष्टीने हा रिवाज सोन्यासारखा; इतर देशांत त्याच्या तोंडावर जे दार आपटले जाते, ते इथे क्वचितच. मात्र वस्तू देता-घेताना डावा हात पुढे केला तर तो अपमान ठरतो. यजमानाकडे मिरचीच्या रश्शातला फुफू किंवा भेंडीच्या कालवणाबरोबर बांकू असा मऊ गोळा समोर येतो. फुफूचा गोळा उजव्या हाताने तोडून न चावता गिळायचा असतो, हे नवख्याला जड जाते. चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू पंथाला वर्ज्य आहेत.

खरी अडचण पुढे येते. २०२१ च्या जनगणनेनुसार घानातले सुमारे ७१ टक्के लोक ख्रिस्तीच आहेत. येशूची ओळख करून देण्याचा प्रश्न तिथे नसतो. बायबल जाणणाऱ्या, कदाचित त्यात अधिक मुरलेल्या माणसाला आणखी एका ग्रंथाची गरज काय, हे पटवायचे असते. वयाला मान देणाऱ्या समाजात एकोणीस वर्षांचा पोरगा साठीच्या गृहस्थाला संसाराचे नियम सांगतो. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी आधी लग्न करावे. अनेक बायका असलेल्याला बाप्तिस्मा नाही. १८९० पर्यंत खुद्द याच पंथात बहुपत्नीकत्व उघडपणे चालत होते, हा इतिहास लक्षात घेता या नियमातला विरोधाभास डोळ्यांत भरतो. शनिवारी अंत्यविधीचे मोठे समारंभ असल्याने काळ्या-तांबड्या वस्त्रांतली कुटुंबे बाहेर पडलेली असतात आणि ठरलेले पाठ बुडतात. रविवारची उपासना दोन तासांची, पाव आणि पाणी वाटून होणारी, ढोल-नाच नसलेली. शेजारच्या पेंटेकोस्टल चर्चच्या कर्ण्यांपुढे ती फारच शांत वाटते.

आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, स्वतःच्या कामांचा. बादलीत कपडे धुणे, बाजार, केस कापणे, फुटबॉल आणि घरी निरोप. २०१९ पूर्वी घरच्यांशी वर्षातून साधारण दोनदाच बोलता येई; आता दर आठवड्याला फोन करता येतो. खर्च घरचे उचलतात आणि जिथे ऐपत नसते तिथे पंथाचा निधी मदत करतो.

घानात फिरणाऱ्या या तरुणांत आज आफ्रिकन मुला-मुलींची संख्या मोठी आहे, हे गोऱ्या मिशनरीचे जुने चित्र डोक्यात असणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. अमेरिकन मुलाला ही दोन वर्षे देशाटनाचीही वाटू शकतात. घानाच्या मुलाला मात्र घराला हातभार लावायच्या वयात कमाई सोडून जावे लागते. त्याग मोजायचाच तर त्याचा मोठा. मुदत संपल्यावर पगार, निवृत्तिवेतन किंवा धर्मगुरूची नोकरी यांपैकी काहीही मिळत नाही. परतलेले मिशनरी शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या मागे लागतात.